सालेपुआच्या रस्त्याखाली

रविवारची प्रार्थना संपून गावासाठीच्या सूचनांची वेळ आली, तेव्हा पेनिताला आपल्या बाकावर अगदी निश्चिंत बसला होता. सूचना नेहमीच्याच असणार होत्या: कुणाचं डुक्कर कुणाच्या तारोच्या वाफ्यात शिरलं, कुणाच्या घरी पाहुणे येणार. मग त्याची थोरली बहीण सिएनी उठली, तिने पांढरी टोपी सारखी केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं,

"येत्या शनिवारी सवाई बेटावरून फोगासा गावच्या बायका आपल्याशी किरिकिती खेळायला येताहेत. आणि सामना आपल्याच मैदानावर होईल. माझा भाऊ शुक्रवारपर्यंत रस्त्याखालून पाइप घालून मैदानातलं पाणी काढून देणार आहे."

सगळं देऊळ पेनितालाकडे वळलं. पेनितालाही, सवयीने, कोण तो भाऊ म्हणून मागे वळून पाहायला निघाला होता.

बहिणीने चारचौघांत शब्द दिला की तो भावाचा झाला. पाळायचा कसा, एवढंच काय ते भावाने पाहायचं. सालेपुआत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरीही देवळाच्या पायऱ्यांवर त्याने तिला गाठलंच.

"अगं सिएनी, मी शुक्रवार कधी म्हटलं होतं?"

"तू म्हणालास, पुढच्या आठवड्यात होईल. शुक्रवार पुढच्या आठवड्यातच येतो ना?"

"मध्ये पाऊस आला तर? पोकलेन बिघडलं तर?"

"तुला एकेका वाराची भीती वाटते बघ. मला फक्त शनिवारची वाटते. त्यांनी बोटीची तिकिटंसुद्धा काढलीत."

"निदान आधी विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास," सिएनी म्हणाली, "आणि मग मला तुझ्यावर रागवावं लागलं असतं. तेवढा त्रास वाचवला तुझा."

पेनिताला आपियातल्या एका ठेकेदाराकडे पाइप घालणाऱ्या टोळीचा फोरमन होता. आयुष्यभर त्याने बेटावरचे रस्ते खणले आणि बुजवले होते, पण स्वतःच्या गावचं काम त्याच्याकडे प्रथमच आलं होतं. आपियाहून विमानतळाकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता सालेपुआला मधोमध चिरत जातो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मैदान. काही वर्षांपूर्वी हा रस्ता रुंद केला, उंचही केला. गाड्यांची सोय झाली, पण डोंगरावरून येणाऱ्या पाण्यापुढे आडवा बांध उभा राहिला. त्याच्या पोटातली जुनी नळी मनगटाएवढ्या धारेची; तीही खचली. तेव्हापासून मैदानात बदकं पोहू लागली आणि सालेपुआच्या बायका परगावी खेळू लागल्या.

परगावी खेळण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो परगावी जेवण्यात, आणि परत कधीच न बोलावण्यात. किरिकिती म्हणजे बेटांवरचं गावरान क्रिकेट; त्यात यजमानाने पाहुण्यांना पोटभर जेवू घालायचं असतं. ज्याला ते जमत नाही तो पहिला चेंडू पडण्याआधीच हरला, असं मानतात. सालेपुआच्या बायका बसमधून उतरल्या की समोरून हमखास टोमणा यायचा, "आल्या बघा! संघ आहे, चूल नाही!" सिएनी हसून साजरं करायची. पण गेल्या वर्षी फोगासाची कर्णधार सालिलो हिने तिच्या पानात डुकराचा मोठा तुकडा वाढताना म्हटलं होतं, "घे बाई, अजून घे. तुमच्याकडे काय, मैदानात मासेच मिळायचे." तो तुकडा सिएनीच्या घशाखाली उतरला खरा, पण त्यानंतर ती डुकराच्या मांसाला फारशी हात लावत नसे.

म्हणजे पणाला काय लागलं होतं, ते पेनितालाला पुरतं ठाऊक होतं.

कामाची रीत त्याने आधीच ठरवली होती. हा रस्ता पूर्ण बंद ठेवणं अशक्य. विमानतळाला दुसरी वाट नाही. म्हणून अर्धा रस्ता खणायचा, उरलेल्या अर्ध्यावरून गाड्या आळीपाळीने सोडायच्या; तो भाग बुजवून, धुमसाने ठोकून पक्का झाला की गाड्या त्यावर घ्यायच्या आणि दुसरा अर्धा खणायचा. सुरुवात खाडीच्या बाजूने, म्हणजे उताराच्या तळापासून. प्रत्येक पाइपचं एक टोक रुंद, एक अरुंद. रुंद तोंड नेहमी डोंगराकडे. पुढच्या पाइपची अरुंद शेपटी रबरी कडं चढवून त्यात दाबून बसवायची. खाली चाळलेली वाळू, वर थराथराने भर, आणि प्रत्येक पाइपमागे पाणसळ लावून ढाळ तपासायचा. पाणी पोटाने चालतं. त्याला डोळे नसतात, पण ढाळ अचूक कळतो, असं तो टोळीला सांगत असे.

टोळी गावचीच होती. पाइपला बांधलेले दोर धरणारे चौघे गावच्या पुरुषांच्या संघातले गडी. 'थांबा' आणि 'जा' लिहिलेली पाटी घेऊन गाड्या अडवणारा एतुआले त्याच संघाचा म्होरक्या. किरिकितीतला म्होरक्या खेळतो कमी, नाचतो जास्त. शिटी तोंडात, आणि ती विशिष्ट लयीत वाजली की मैदानातले सगळे खेळाडू एकदम टाळी देतात, उडी मारतात, समोरच्या संघाची टिंगल करतात. रस्त्यावरही एतुआले पाटी अशी फिरवायचा की थांबलेले ड्रायव्हर हॉर्नने त्याला साथ द्यायचे.

"एतुआले, वाहतूक सांभाळायची आहे, लग्नाची वरात नाही!" पेनिताला ओरडायचा.

"अरे पेनी, रडत थांबण्यापेक्षा हसत थांबलेले बरे की नाही?"

बुधवारपर्यंत खाडीकडचा अर्धा भाग पुरा झाला. आपियाहून आलेल्या इंजिनियर लोनिसेबाईंनी खाली उतरून ढाळ स्वतः तपासला, मान डोलावली आणि गाड्या त्या बाजूला वळवायला परवानगी दिली. गुरुवारी मैदानाकडचा अर्धा भाग खणून झाला. तळ्याचं पाणी आत येऊ नये म्हणून वाळूच्या पोत्यांचा बांध घातला, पाझर उपसायला पंप लावला. भिंती ढासळू नयेत म्हणून दोन्ही अंगांना लोखंडी पत्रे ठोकले. उरले होते फक्त तीन पाइप.

त्यातला पहिला पाइप पोकलेनने उचलला. दोन्ही टोकांना दोर, दोरांवर चौघे, आणि पेनिताला काठावर उभा राहून उजव्या हाताने पोकलेनवाल्याला खूण देत होता: अजून, अजून, सावकाश. एवढ्यात विमानतळाकडून एक रंगीबेरंगी बस आली. आत गाणी दणाणत होती आणि ड्रायव्हरचं लक्ष पाटीवर मुळीच नव्हतं. एतुआलेने जीव खाऊन शिटी फुंकली. घाईत माणूस नवी शिटी शोधत बसत नाही. तोंडात बसलेलीच बाहेर पडते. दोन आखूड, एक लांब.

बस थांबली. आणि खंदकाकाठच्या चौघांनी दोर सोडून कडकडून टाळी दिली.

टाळी चौघांचीच नव्हती. पाचवीही होती. पोकलेनवाल्याने खूण देणाऱ्या फोरमनचा हात पाहिला, तर तो हात दुसऱ्या हातावर आपटत होता. त्याचा अर्थ काय लावावा हे न कळून त्याने पाइप जागच्या जागी रोखला. मोकळा सुटलेला पाइप संथपणे गिरकी घेत गेला आणि त्याचं रुंद तोंड लोखंडी पत्र्याच्या कोपऱ्यावर आदळलं. फणसाच्या फोडीएवढा टवका उडून खंदकात पडला.

लोंबत्या वजनाखाली कुणी उभं राहायचं नाही, हा पेनितालाचा नियम कडक होता. त्यामुळे कुणाला ओरखडाही आला नाही. मग बसमधल्या सगळ्या प्रवाशांनी, हा खेळाचाच भाग समजून, उलट टाळी दिली.

"हसू नका," पेनिताला म्हणाला. आणि मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहून त्यालाच हसू फुटलं. पण ते फार टिकलं नाही. त्याने आपियाला फोन लावला. पाइप ओतणाऱ्या कारखान्यातून उत्तर आलं की याच मापाचा नवा पाइप मंगळवारच्या आत मिळणार नाही.

दुपारी सिएनी आणि गावच्या बायका टोळीचं जेवण घेऊन आल्या: उमूत, म्हणजे तापल्या दगडांच्या भट्टीत, भाजलेले तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, किटलीभर कोको. टोळी माना खाली घालून जेवत होती, त्यावरूनच सिएनीने ओळखलं.

"कोण मेलं?"

"पाइप," एतुआले म्हणाला.

पेनिताला उठून तिच्यासमोर आला. "सिएनी, चूक माझी. मी स्वतः बोटीने फोगासाला जातो, सालिलोपुढे माफीची चटई पांघरून बसतो, ती उठवेपर्यंत हलत नाही, आणि सामना पुढच्या शनिवारी ठेवा म्हणून विनवतो."

"तू चटई पांघरून बसणार? सालिलोपुढे?" सिएनीने कोकोचा पेला त्याच्या हातात कोंबला. "ती तुला उठवणार नाही रे, आधी शेजारपाजारच्यांना बघायला बोलवेल. बस खाली. काय मोडलं ते नीट सांग."

"तोंड मोडलंय. रुंद टोक. त्यात पुढच्या पाइपची शेपटी बसायला हवी, पाणी गळता कामा नये. मोडक्या तोंडात ती बसणार कशी?"

"आणि त्या पुढच्याच्या तोंडात काय बसतं?"

"त्याच्या पुढच्याची शेपटी."

"आणि अगदी शेवटच्याच्या?"

"शेवटच्याच्या तोंडात काही बसत नाही. तिथून नुसतं पाणी…" पेनिताला थांबला. पेला तोंडाशी नेलेला तसाच राहिला. एक, दोन, तीन अशा खडूच्या आकड्यांनी त्याने पाइप मांडले होते, आणि त्याच क्रमाने ते जाणार असं त्याच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की क्रम बदलता येतो हे लाजेच्या भरात सुचलंच नव्हतं.

"पेनी, कोको सांडतोय," सिएनी म्हणाली.

तो धावत लोनिसेबाईंकडे गेला. त्या गाडीच्या सावलीत बसून तेच गणित मांडत होत्या. कागदावर मोडका पाइप शेवटी काढलेला होता. "टवक्याची कड कापून सारखी करा," त्या म्हणाल्या. "ते तोंड नंतर काँक्रीटच्या भिंतीतच गाडलं जाणार आहे. भिंत आणि तोंडावरची जाळी सोमवारी करू. तोवर पोत्यांची भिंत चालेल. पण एक अट आहे."

"सांगा बाई."

"ती शिटी मला द्या."

शुक्रवारी सकाळपासून एतुआले नुसत्या पाटीवर वाहतूक चालवत होता आणि तोंडाने 'पीं, पीं' करत होता, पण हलक्या आवाजात. दुसरा पाइप पहिला झाला, तिसरा दुसरा झाला. दोन्ही सुरेख बसले. मोडक्याची कड कापायला मात्र वेळ लागला, मग पंप रुसला, मग डुकरांच्या एका ट्रकला खंदकाशेजारीच बंद पडायचं होतं. डुकरं शनिवारच्या जेवणासाठीच चालली होती, म्हणून ट्रक ढकलायला अर्धं गाव आलं. शेवटचा पाइप खंदकात टेकला, तेव्हा सूर्य खाडीवर उतरला होता. आता फक्त शेपटी दाबून बसवायची बाकी होती.

आणि शंख वाजला.

सायंप्रार्थनेचा शंख वाजला की सालेपुआत चालणारा थांबतो, बोलणारा गप्प होतो. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्याही हळू होतात. पेनितालाने बहिणीच्या शब्दाकडे पाहिलं नाही, सूर्याकडे पाहिलं नाही. हात वर करून पोकलेन बंद करायला लावलं. लोनिसेबाईंनी टोपी काढली. वर जाऊन घरी पोहोचायला वेळ नव्हता, म्हणून टोळी खंदकातच वाळूवर बसली.

घराघरांतून स्तोत्र उठलं. खालच्यांनीही धरलं. चौघांत दोन जाड आवाजाचे होते, आणि समोर पाइपचं मोकळं तोंड. आवाज आत शिरला, रस्त्याखालून, गाड्यांखालून गेला आणि खाडीकडच्या टोकातून एखाद्या मोठ्या समूहगायनासारखा घुमत बाहेर पडला. तिकडे गुडघाभर पाण्यात जाळं घेऊन निश्चल उभे असलेले दोन म्हातारे कोळी दचकले. मग तेही त्या आवाजात आपला सूर मिसळू लागले. पेनिताला गाता गाता थांबला. पाइप आरपार मोकळा आहे, कुठे खडा नाही, कुठे पोक नाही, हे त्याच्या कानांनी त्याला सांगितलं.

प्रार्थना संपल्याचा शंख झाला. पाइप एका दाबात बसला. भर घातली, थर धुमसले, पोती रचली. बांध फोडायचा मान गावच्या ज्येष्ठ प्रमुखांचा. त्यांनी फावडं हातात घेतलं, क्षणभर तोललं आणि सिएनीपुढे धरलं. "जिने शब्द दिला, तिनेच वाट द्यावी."

सिएनीने पोत्यात फावडं खुपसलं. आधी एक जिभेएवढी धार आली, मग पायाएवढी, आणि मग सगळं तळं एकदम हलल्यासारखं झालं. पलीकडे खाडीवर थांबलेली माणसं ओरडली, "आलं! आलं!" बदकांनी तेवढी नाराजी दाखवली.

शनिवारी सकाळी मैदानाच्या मधली सिमेंटची पट्टी कोरडी ठणठणीत होती. बाकी गवत ओलं होतं, पण ओल्या गवतावर घसरायला कुणाची ना नव्हती. फोगासाच्या बायका नाचत, गात, पिवळ्या झग्यांत आल्या. सालिलोने पायातली चप्पल काढून गवतावर पाय दाबून पाहिला.

"मासे कुठे गेले ग, सिएनी?"

"उमूत," सिएनी म्हणाली. "तुझ्यासाठी ठेवलेत."

सामना दुपारपर्यंत रंगला. सालेपुआने चांगल्या धावा केल्या. फोगासाची शेवटची जोडी खेळत होती, तेव्हा त्यांना बऱ्याच धावा हव्या होत्या आणि गावच्या बायकांनी विजयाचं गाणं सुरूही केलं होतं. सालिलोने आपली तीन धारांची बॅट फिरवली. चेंडू क्षेत्ररक्षकांमधून सुटला, उतारावरून घरंगळला, पोत्यांच्या कडेवर टप्पा खाऊन पाइपच्या तोंडात गडप झाला.

"पळा!" सालिलो किंचाळली, आणि दोघी पळू लागल्या.

सालेपुआच्या बायका रस्त्याकडे धावल्या. एतुआलेने पाटी उचलून दोन्ही बाजूंच्या गाड्या अडवल्या; विमानतळाची बस, ट्रक, एक शववाहिका, सगळे थांबले आणि सगळे खाली उतरून पाहू लागले. बायका खाडीत उतरून पाइपच्या टोकाशी ओंजळी करून उभ्या राहिल्या. पाणी येत होतं. चेंडू येत नव्हता.

"पेनी! अडकला का रे?" सिएनी पाण्यातून ओरडली.

"अडकणार नाही," पेनिताला रस्त्यावरून म्हणाला. "ढाळ बरोबर आहे. पाणी कमी आहे, म्हणून सावकाश येतोय."

"तुझा ढाळ चुलीत घाल! त्या पळताहेत तिकडे!"

अखेर चेंडू आला. घाई नसलेल्या प्रवाशासारखा तरंगत, अगदी पाइपच्या मधोमध. तोवर सालिलो आणि तिची जोडीदारीण धापा टाकत पट्टीवरच लोळल्या होत्या, सगळ्या धावा पूर्ण करून.

वाद पेटला. चेंडू मैदानाबाहेर गेला असेल, तर ठरलेल्या मोजक्या धावा आणि सालेपुआ जिंकलं. आत असेल, तर पळालेल्या सगळ्या धावा आणि फोगासा जिंकलं. पाळक पंच होते. ते दोन्ही बाजूंचं ऐकून घामेघूम झाले.

"पाइप कुणाचा, ते विचारा," सालिलो पडल्या पडल्या म्हणाली.

पाळकांनी पेनितालाकडे पाहिलं. सगळ्या गावाने पाहिलं, चिंब भिजलेल्या सिएनीनेही. पेनितालाने एकवार घसा साफ केला. पाणी नेताना पाइप आपला आणि चेंडू गेल्यावर परका, असं त्याच्याने म्हणवेना. मोडक्या तोंडासकट तो त्याने स्वतः बसवला होता.

"पाइप मैदानाचा आहे," तो म्हणाला. "मैदानासाठीच घातलाय. चेंडू आतच होता."

पिवळे झगे हवेत उडाले. सालेपुआच्या बायकांनी असा हंबरडा फोडला की शववाहिकेतली मंडळीही थोडी खजील झाली. सिएनी पाणी निथळत, पावलं आपटत भावाकडे आली.

"शहाण्या! एवढा पाइप घातलास, एक चेंडू अडवता आला नाही?"

"अडवला असता तर पाइप चुकीचा ठरला असता."

तिचा चेहरा अजून रागातच होता, पण खांदे हलायला लागले होते. ती वळली, मैदानाकडे तोंड करून कमरेवर हात ठेवले आणि बोटीवरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हरलो! अहो, आपल्या मैदानावर हरलो! चला, उमू उघडा!"

पाहुण्या चटयांवर बसल्या. पहिला, सगळ्यांत मोठा तुकडा सिएनीने स्वतः सालिलोच्या पानात वाढला आणि ती खाईपर्यंत समोर उभी राहिली.

"पुढच्या वर्षी आमच्याकडे," सालिलो भरल्या तोंडाने म्हणाली.

"बघू," सिएनी म्हणाली. "तू आधी दुसऱ्यांदा घे." आणि मग तिने आपल्या पानातही एक तुकडा वाढून घेतला.